शिसव, महोगनी आणि आपले कान

मागच्या शनिवारी एका मित्राबरोबर गिटारच्या दुकानात गेलो होतो. गिटार त्याला घ्यायची होती, मी नुसताच सोबतीला. (असं घरी सांगून निघालो होतो. बायकोने विश्वास ठेवला नाही, तो भाग वेगळा.) दुकानदाराने आमच्यापुढे दोन गिटारी ठेवल्या. कंपनी तीच, आकार तोच, तारा त्याच. एकीची पाठ महोगनीची, दुसरीची रोझवूडची. किमतीत तीस हजारांचा फरक.

"सर, रोझवूडचा बेस बघा. एकदम खोल," दुकानदार म्हणाला. मित्राने वाजवली. खरंच खोल वाटला. मग महोगनीची वाजवली. ती कोरडी, सुटसुटीत, स्वर सरळ अंगावर येणारा. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. तीस हजारांचा फरक कानांना स्पष्ट ऐकू आला होता.

घरी येऊन आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "रोझवूड म्हणजे काय रे?"

"शिसव गं."

"मग आपला पलंग शिसवीचाच आहे की. तो कुठे वाजतो? कुरकुरतो फक्त."

आईचं म्हणणं हसण्यावारी नेलं खरं, पण रात्री डोक्यात तोच किडा वळवळत राहिला. वीस वर्षं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला एक सवय लागते. दोन गोष्टींचं उत्तर वेगळं आलं, की नक्की कुठल्या बदलामुळे आलं हे शोधल्याशिवाय झोप लागत नाही. गिटारचा आवाज कशावरून ठरतो? लाकडावरून, आकारावरून, आतल्या पट्ट्यांवरून, की दुकानदाराच्या बोलण्यावरून? आठवडाभर या मागे होतो. जे हाती लागलं ते आज मांडतो.

सुरुवात करू जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन या गावापासून. वाद्यं बनवणाऱ्यांचं गाव. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक मजेशीर भांडण चालू होतं. गिटारी बनवत होते सुतार मंडळी, म्हणजे कपाटं-टेबलं करणारे. व्हायोलिनवाल्यांच्या संघाचं म्हणणं असं, की वाद्य करणं हे आमचं काम, फर्निचरवाल्यांनी त्यात हात घालू नये. या सुतारांपैकीच एका घरातला ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन (जन्म १७९६) व्हिएन्नाला योहान श्टाउफर या नावाजलेल्या कारागिराकडे शिकून आला होता. शेवटी या कटकटीला कंटाळून १८३३ साली तो अमेरिकेला गेला. आधी न्यूयॉर्क, मग १८३८-३९ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातलं नाझरेथ. मार्टिन कंपनी आजही तिथेच आहे. म्हणजे पलंग आणि गिटार यांचं नातं आईला वाटलं त्याहून जुनं निघालं :)

आता थोडं तंत्र, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तार एकटी फारसा आवाज करत नाही. तारेचं कंपन ब्रिजमधून गिटारच्या वरच्या फळीत जातं, ती फळी हलते आणि हवेला हलवते. ही फळी बहुधा स्प्रूसची असते, जाडी साधारण तीन मिलिमीटर. स्टीलच्या सहा तारा मिळून तिच्यावर सत्तर किलोच्या आसपास ताण देतात. म्हणजे एक मोठा माणूस त्या फळीला सतत ओढतोय असं समजा. फळी पातळ ठेवली तर छान हलते, पण वाकते, तुटते. जाड केली तर टिकते, पण मुकी होते. म्हणून फळीच्या आतल्या बाजूला लाकडी पट्ट्या चिकटवतात. गिटार बनवणं म्हणजे या 'मोडू नये' आणि 'मुकी होऊ नये' यांच्यातली तडजोड. बाकी सगळं नक्षीकाम.

या पट्ट्या कशा लावायच्या यावरून दोन घराणी पडली. मार्टिनने १८४० च्या दशकात त्या फुलीसारख्या लावायला सुरुवात केली. तेव्हा गिटारला तातीच्या तारा असत, त्यांचा ताण कमी, त्यामुळे एवढ्या मजबुतीची गरजही नव्हती. पुढे १९२० च्या दशकात स्टीलच्या तारा आल्या, तेव्हा हीच फुली उपयोगी पडली. आज जगातल्या बहुतेक स्टीलच्या तारांच्या गिटारींत आत हात घातला (घालू नका) तर फुलीच लागेल.

दुसरं घराणं स्पेनचं. आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) या कारागिराने पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या पट्ट्यांची रचना पक्की केली. आजची क्लासिकल गिटार, जिला आपण नायलॉनच्या तारांची गिटार म्हणतो, ती मुख्यतः त्याची देणगी. पण तोरेस मला आवडला तो वेगळ्याच कारणासाठी. लोक पाठीच्या लाकडाचं कौतुक करत, त्याचं मत होतं की आवाज वरच्या फळीत आहे. नुसतं मत मांडून तो थांबला नाही. १८६२ साली त्याने एक गिटार केली. वरची फळी नेहमीसारखी उत्तम लाकडाची, आणि पाठ व कडा कागदाच्या लगद्याच्या. चक्क पुठ्ठा! ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

आमच्या भाषेत सांगायचं तर त्याने एकच व्हेरिएबल बदलला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. १८६२ साली. आमच्या ऑफिसात हे अजून सगळ्यांना जमत नाही.

१९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॉब टेलरने (टेलर गिटारवाला, कंपनी १९७४ ची) जवळपास हाच खोडसाळपणा पुन्हा केला. सामान वाहायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या घेऊन त्याने गिटार केली आणि प्रदर्शनात ठेवली. म्हणणं तेच, की लाकडाच्या नावापेक्षा कारागीर महत्त्वाचा.

बरं, मग वेगवेगळ्या मॉडेलांचा आवाज वेगळा का येतो? तो येतो, यात शंका नाही. इथे बँजोला आणावं लागतं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या वाद्यवृंदांत बँजोची चलती होती, कारण तो मोठ्याने वाजतो. गिटारला कोणी ऐकूच शकत नव्हतं. पेरी बेकटेल नावाच्या एका बँजोवादकाने १९२९ मध्ये मार्टिनकडे मागणी केली, की मला बँजोसारखी लांब मोकळी मान असलेली गिटार द्या. तोपर्यंत गिटारची मान बाराव्या फ्रेटला अंगाला मिळत असे. कंपनीने अंगाचा वरचा भाग आखूड करून ती चौदाव्या फ्रेटला नेली. हे ओएम मॉडेल. वाजवणाऱ्याची सोय झाली, पण आवाजही बदलला. अंग आखूड झाल्यावर ब्रिजची जागा वर सरकली. आधी तो खालच्या रुंद भागाच्या मध्यावर, म्हणजे फळी सगळ्यात सैल असते तिथे बसायचा. आता तो थोड्या ताठ भागात आला. त्यामुळे आवाजात चपळाई आली आणि जुन्या बारा फ्रेटवाल्यांचा तो गोल, भरलेला खर्ज थोडा कमी झाला. हात पोचावा म्हणून केलेल्या बदलाने कानाला ऐकू येणारं बदललं.

त्याआधी, १९१६ मध्ये, बोस्टनच्या ऑलिव्हर डिटसन कंपनीसाठी मार्टिनने एक भलंमोठं मॉडेल केलं होतं. त्याला नाव दिलं ड्रेडनॉट, १९०६ मध्ये पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश युद्धनौकेवरून. रुंद कंबर, खोल पेटी, धिप्पाड. गाणाऱ्याच्या मागे ढोलासारखा ठोका धरणारी गिटार. १९३१ मध्ये ते मार्टिनच्या स्वतःच्या नावाने आलं आणि लवकरच त्याचे दोन भाऊ प्रसिद्ध झाले. डी-१८ महोगनीचा, डी-२८ रोझवूडचा. १९३४ मध्ये तेही चौदा फ्रेटचे झाले. आज दुकानात भिंतीवर टांगलेल्या गिटारींपैकी निम्म्याहून जास्त या युद्धनौकेच्या नाती-पणती वाटतात.

मिशिगनमधल्या कॅलमझू गावची गिब्सन कंपनी स्वस्थ कशी बसेल? तिने १९३४ मध्ये उतरत्या खांद्यांचं जंबो मॉडेल काढलं आणि १९४२ मध्ये जे-४५. जे म्हणजे जंबो, ४५ म्हणजे पंचेचाळीस डॉलर. नाव ठेवण्यात वेळ घालवला नाही हे बरं. जे-४५ चा आवाज डी-२८ च्या उलट. डी-२८ चा स्वर सोडला तरी मागे घुमत राहतो, खर्जाखाली आणखी एक खर्ज असल्यासारखा. जे-४५ चा स्वर ठक्कन येतो, उबदार असतो आणि लवकर बाजूला होतो. गायकाला ते आवडतं, कारण गिटार त्याच्या शब्दांच्या वाटेत येत नाही.

यातला काही भाग साध्या गणिताचा आहे. मार्टिनच्या ड्रेडनॉटमध्ये तारेची वाजणारी लांबी २५.४ इंच, गिब्सनमध्ये सुमारे २४.७५ इंच. तार तीच आणि स्वर तोच असेल तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशोब केलात तर गिब्सनमध्ये ताण पाच टक्के कमी निघतो. तार थोडी सैल, बोटांना मऊ. शिवाय पेटीतल्या हवेचा स्वतःचा एक स्वर असतो, ड्रेडनॉटसारख्या गिटारीत तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. पेटीचा आकार आणि भोकाचा आकार बदलला की तो सरकतो, आणि कुठल्या खर्जाला पाठबळ मिळणार हेही बदलतं. म्हणजे आकार, लांबी, पट्ट्या या सगळ्यांचा हिशोब लागतो. प्रश्न राहतो तो पाठीच्या लाकडाचा.

इथे मार्टिनचाच इतिहास आपल्याला एक आयता प्रयोग करून देतो. १९३० च्या दशकातल्या डी-२८ ला आज अमाप किंमत आहे आणि लोक तिच्या ब्राझिलियन रोझवूडचे गोडवे गातात. पण १९५० च्या डी-२८ ची पाठही ब्राझिलियन रोझवूडचीच आहे. तरी जाणकार म्हणतात, तो आवाज नाही. मग मध्ये काय बदललं? १९३० च्या दशकाच्या अखेरीस फुलीची जागा भोकापासून खाली सरकवली गेली. युद्धानंतर वरच्या फळीचं पूर्वेकडचं लाल स्प्रूस मिळेनासं झालं आणि त्याची जागा सिटका स्प्रूसने घेतली. आणि १९४४ च्या अखेरीस पट्ट्या कोरून हलक्या करायची पद्धत कंपनीने बंद केली. कारण अगदी व्यवहारी. लोक जाड तारा लावत होते, फळ्या फुगत होत्या, गिटारी दुरुस्तीला परत येत होत्या. पट्ट्या जड ठेवल्या की तक्रारी कमी. तक्रारी कमी झाल्या, आणि आवाजही थोडा. (सपोर्ट टीमच्या सांगण्यावरून प्रॉडक्ट बदलणं ही काही आमच्याच धंद्यातली गोष्ट नाही तर.) १९७६ मध्ये एचडी-२८ या मॉडेलने कोरलेल्या पट्ट्या परत आणल्या, आणि तिची पाठ होती भारतीय रोझवूडची. लोकांनी ती उचलून धरली.

भारतीय रोझवूड. म्हणजे आपली शिसव! १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवण्यावर निर्बंध आणले, तेव्हा १९६९ च्या सुमारास मार्टिनने ब्राझिलियन सोडून आपल्या दक्षिणेतलं लाकूड घ्यायला सुरुवात केली. सह्याद्रीच्या कुशीत, कर्नाटक-केरळात वाढणारी शिसव. एकोणिसाव्या शतकात मुंबईत याच लाकडाचं कोरीव फर्निचर होत असे आणि साहेब लोक त्याला 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणत. आमच्या पलंगाचे पूर्वज.

गंमत अशी की गिटारवाल्यांच्या जगात त्या दिवसापासून एक रेघ पडली. १९६९ च्या आधीची आणि नंतरची. ब्राझिलियन म्हणजे सोनं, भारतीय म्हणजे पर्यायी. जशी टंचाई वाढली तसा तो आवाज लोकांना अधिकाधिक गोड लागायला लागला. १९९२ मध्ये सायटीस कराराच्या पहिल्या यादीत ब्राझिलियन रोझवूड गेलं, म्हणजे वाघाच्या पंगतीत. त्याचा व्यापार जवळजवळ बंद. जंगलं तुटण्यामागे फर्निचर आणि शेतीच मोठी कारणं होती, गिटारीला त्यातलं थोडंच लाकूड लागलं. पण उरलेल्या झाडांची किंमत फुगवण्यात 'तो आवाज' या समजुतीचा वाटा आहेच.

२०१७ मध्ये शिसवीसकट त्या कुळातली बाकी सगळी झाडं सायटीसच्या दुसऱ्या यादीत आली. वाद्यं करणारे आणि वादक कागदपत्रांच्या जंजाळात अडकले. शेवटी नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ब्राझिलियन सोडून. आजही ब्राझिलियन पाठीची जुनी गिटार घेऊन परदेशी जायचं तर परवाना लागतो.

आणि आता मुख्य गोष्ट. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फाइल्ड गिटारचे रॉजर बकनॉल या कारागिराकडून त्यांनी सहा गिटारी करून घेतल्या. आकार, वरची फळी, पट्ट्या शक्य तितक्या सारख्या. फरक फक्त पाठ आणि कडांचा. ब्राझिलियन रोझवूड, भारतीय रोझवूड, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. बावन्न गिटारवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांना वेल्डिंगचे गॉगल लावून त्या वाजवायला दिल्या. (हे चित्र डोळ्यासमोर आणून मी पाच मिनिटं हसत होतो.)

निकाल? सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळपास सारखे. महाग लाकूड जिंकलं नाही, स्वस्त हरलं नाही. कुठली कुठली हे ओळखणंही वादकांना फारसं जमलं नाही. तोरेसचा पुठ्ठा दीडशे वर्षांनी कामाला आला म्हणा ना.

हे वाचल्यावर या शनिवारी आम्ही दोघं पुन्हा दुकानात. दुकानदार भला माणूस, गर्दी नव्हती, तयार झाला. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मित्र नाणं उडवून ठरवणार कुठली वाजवायची, तीच धून, दहा वेळा. आधी ती महोगनी-रोझवूडची जोडी. माझं पहिलं उत्तर बरोबर आलं तेव्हा मी खूश. शेवटी हिशोब झाला, दहापैकी सहा. आता नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ३८ टक्के आहे. म्हणजे माझे कान आणि एक रुपयाचं नाणं यांची योग्यता एकच. मित्राचे तर पाच आले. आठवड्यापूर्वी याच दोन गिटारींतला 'स्पष्ट' फरक ऐकून आम्ही माना डोलावल्या होत्या, ते आठवून आम्ही दोघंही थोडे गप्प झालो.

मग दुसरी जोडी घेतली. एक ड्रेडनॉट, एक लहान अंगाची. दोन्ही महोगनीच्या. इथे मला दहापैकी नऊ आले. योगायोगाने असं होण्याची शक्यता एक टक्का. म्हणजे कान अगदीच वाया गेलेले नाहीत. आकार त्यांना ऐकू येतो, पाठीचं लाकूड नाही. निदान माझ्या कानांना, त्या दुकानात, त्या दिवशी.

यावरून 'सगळ्या गिटारी सारख्याच' असा अर्थ काढू नका. लँकेस्टरच्या प्रयोगातल्या सहाही गिटारी एकाच उस्ताद हाताच्या होत्या, आणि त्याने बाकी सगळं मुद्दाम सारखं ठेवलं होतं. प्रत्यक्षात कारागीर लाकडानुसार फळीची जाडी बदलतो, पट्ट्या तासतो. डी-१८ आणि डी-२८ वेगळ्या वाजत असतील तर त्यात पाठीखेरीज इतरही दहा गोष्टी आहेत. एकाच मॉडेलच्या दोन गिटारीही सारख्या नसतात, कारण दोन झाडं सारखी नसतात. आणि समोर रोझवूड दिसतंय, बोटांना त्याचा गुळगुळीतपणा लागतोय, यामुळे माणूस जास्त जीव लावून वाजवत असेल तर तोही खराच परिणाम. फक्त तो लाकडाचा नाही, माणसाचा.

मला टोचतं ते वेगळंच. एक झाड दुर्मिळ होतं. त्याचं कारण बाजूला राहतं आणि आपण त्या दुर्मिळतेलाच गोडवा समजायला लागतो. मग तो गोडवा मिळवायला उरलेली झाडं अजून महाग होतात. हे सगळं खरं कोणी तपासलं तर, वेल्डिंगचा गॉगल लावलेल्या बावन्न माणसांनी. तेही झाड यादीत गेल्यावर पंचवीस वर्षांनी.

मित्राने महोगनीची घेतली. वाचलेल्या तीस हजारांतून चांगली पेटी, तारांचे दहा संच आणि वर्षभराची शिकवणी होईल असा त्याचा हिशोब आहे. शिकवणीने आवाजात जो फरक पडेल तो गॉगल लावूनही ऐकू येईल, अशी आशा.

मी काही घेतलं नाही. घरी आलो, माझी जुनीच गिटार काढली, दोन वर्षं न बदललेल्या तारा बदलल्या आणि वाजवली. नवीन गिटार आणल्यासारखं वाटलं. आई आतून म्हणाली, "आज बरा आवाज येतोय रे. नवीन घेतलीस का?"

नाही म्हटलं, तारा बदलल्या. साडेतीनशे रुपये.

आई त्या वेळी शिसवी पलंगावर बसून ऐकत होती. तो कुरकुरला.